काखेचा ठोका

१

मानवतला व्यंकटरावांच्या जिनिंगमध्ये सकाळी आधी चहा व्हायचा आणि मग गंज्यांचा ताप बघायचा. ताप हा शब्द पंडितचा. कापूस ओला आला आणि त्याची गंजी लागली, की ती आतल्या आत तापते. वरून पांढरीशुभ्र आणि पोटात निखारा. मागे एका हंगामात अशीच एक गंजी भर दुपारी पेटली आणि विझवायला धावलेल्या व्यंकटरावांच्या मिशीची डावी बाजू तिच्याबरोबर गेली. मिशी पुन्हा उगवली, पण भीती बसली ती बसलीच. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून बिनतारी डब्या मागवल्या.

डबी साबणाच्या वडीएवढी. पुढे बोटभर पितळी सळी, मागे तारेची शेपटी. गंजी रचतानाच ती पोटात ठेवून द्यायची. आतून ती ठोके पाठवते आणि ऑफिसातल्या रेडिओवर ते ऐकू येतात. टिक, टिक, टिक. गार असलं तर सावकाश, तापलं तर घाईघाईनं. प्रत्येक डबीची रेडिओच्या पट्टीवर जागा वेगळी. पंडितनं काचेवर खिळ्यानं रेघा मारून ठेवल्या होत्या. आधी तारवाली यंत्रं होती, पण तारा उंदरांनी खाल्ल्या. डब्या आल्या त्या दिवशी व्यंकटराव मुद्दाम बिळापाशी जाऊन म्हणाले, "आता काय खाताव? हवा?"

पंडित हा सितारामचा थोरला भाऊ. आय.टी.आय. झालेला रेडिओ मेकॅनिक. सिताराम चौथीतून पळालेला, हाताचा चलाख आणि डोक्याचा भडक. त्याला कुणी कामावर ठेवत नव्हतं म्हणून पंडितनं हाताखाली घेतलं आणि एक परीक्षा शिकवली. नवी डबी आली की सळी काखेत धरायची. काखेची गरमी ठरलेली, तेव्हा ठोकाही ठरलेला. तो बरोबर वाजला की डबी नीट.

"आन गंजीतनं त्योच ठोका आला तर?" सितारामनं विचारलं होतं.

"तर गंजी फोडायची. मालकाला इचारायचं न्हाई, दिवाणजीला इचारायचं न्हाई. थंडीच्या दिसात गंजीच्या पोटात माणसाएवढी गरमी म्हंजे शेजारी निखारा बसलाय. वर बायका चढलेल्या असतेत, सित्या. ध्यानात ठेव."

गंमत म्हणजे ही परीक्षा खुद्द पंडितला जमायची नाही. त्याला गुदगुल्या व्हायच्या. सळी काखेत गेली की तो आकसायचा, सळी निसटायची आणि ठोका अडखळायचा. टिक, टिक, टिक, मग एक पोकळी, त्या पोकळीत पंडितचं "खिक्", आणि पुन्हा टिक, टिक. दिवाणजी दिनकरराव चष्म्यावरून बघत म्हणायचे, "पंडितराव, सळी हाय का सासरा? लाजायलाव किती!"

ऑफिसात येणारा प्रत्येकजण मग आपली काख तपासून घ्यायचा. चौकीदार लिंबाजीचा ठोका इतका सावकाश आला की दिनकररावांनी विचारलं, "लिंबाजी, घरी निरोप धाडू का?" नंतर कळलं, सळी त्यानं स्वेटरवरून धरली होती.

दिवाळीनंतर पंडितला ताप आला. घरात थर्मामीटर कुठला. त्यानं डबी आणि रेडिओ घरीच आणला आणि अंथरुणात पडल्या पडल्या सळी काखेत धरली. ठोका उधळलेल्या बैलासारखा पळत सुटला. "माझी गंजी फोडावी लागती बघ, माय," असं म्हणून तो हसला. तिसऱ्या दिवशी त्याला परभणीला नेलं. तिथून तो जीपमधून आला, आडवा.

डब्यांचं काम सितारामकडे आलं.

२

पहिले काही दिवस सितारामशी बोलायची सोय नव्हती. जीपवाल्यानं वाटेत हॉर्न का वाजवला म्हणून त्याच्या दाराशी जाऊन भांडून आला. गंजीवर बायका हसल्या म्हणून टोपली फेकली, आणि मग स्वतःच चढून सांडलेला कापूस वेचला. पुण्याहून कंपनीच्या इंजिनिअरचा ट्रंककॉल आला. "सगळं ठीक चाललंय ना?"

"सगळं ठीक हाय. मानूस मेलाय."

मग इंजिनिअर म्हणाला की तो स्वतः येऊन डब्या बघेल, पण नामांतराच्या मोर्च्यांमुळे एस.टी. बंद आहेत, निवळलं की येतो. पंडित असता तर त्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे असता. म्हणून सिताराम इंजिनिअरवर चिडला, मोर्च्यावर नाही.

त्याच आठवड्यात पोखर्णीकडून कापूस आला आणि आवारातल्या लिंबाच्या झाडापलीकडे त्याची नवी गंजी लागली. डबी सितारामनं आपल्या हातानं ठेवली. काखेत धरून तपासली, ठोका नीट होता. चार-आठ दिवस गंजी सावकाश बोलत राहिली.

मग एका सकाळी, चहाचा कप अजून हातात असताना, त्यानं काटा त्या रेघेवर आणला आणि कप तसाच राहिला.

काखेचा ठोका. बरोबर तोच. त्याला त्यात शंका नव्हती, हा ठोका तो झोपेतही ओळखला असता. टिक, टिक, टिक.

मग पोकळी.

मग टिक, टिक.

सितारामनं रेडिओला चापट मारली. सेल काढून, पुसून पुन्हा घातले. शेजारच्या गंजीची रेघ लावली. ती गंजी शहाण्या बाईसारखी संथ चालली होती. परत लिंबापलीकडे आला. टिक, टिक, टिक, पोकळी. पोकळीही नेमाची नव्हती. कधी लगेच यायची, कधी बराच वेळ यायची नाही, जणू कुणी दम धरून पडलंय आणि आता अगदीच राहवत नाहीये.

आतला डाग, तारेचा झाळलेला जोड, सैल झाला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पितळ तापतं, फुगतं, तार सुटते, गार होते, चिकटते. पंडितनंच हे शिकवलं होतं. पण रेडिओ नुसता ऐकतो, बोलत नाही, हेही पंडितनंच शिकवलं होतं. तरी सितारामनं तोंड जाळीजवळ नेलं.

"दादा?"

पोकळी लांबली. मग ठोके पुन्हा सुरू झाले.

"काय रे, कितपत हाय?" दिनकररावांनी चोपडीतून मान वर न काढता विचारलं.

नियम साधा होता. गंजी फोडायची. पण गंजी फोडली की डबी बाहेर येणार, आणि डबी बाहेर आली की हे थांबणार.

"थंड हाय," सिताराम म्हणाला, आणि खिशातून काळी बोंडी काढून रेडिओला लावली आणि कानात घातली, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जायला नको.

३

कानात बोंडी घालून बसलेला माणूस म्हणजे क्रिकेट ऐकणारा माणूस. दारातून जाणारा प्रत्येकजण स्कोअर विचारायचा. सिताराम काहीतरी ठोकून द्यायचा. दोन दिवसांत त्याच्या हिशेबानं भारताचे एकाच डावात चौदा गडी बाद झाले. लिंबाजीला ते खटकलं नाही.

व्यंकटरावांनी सांगितलं की पुढची गंजी लिंबापलीकडची घ्या. सिताराम म्हणाला, "तिला शेवटाला घ्या मालक, ती लय गुणाची हाय." व्यंकटरावांनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. गंजीला गुणाची म्हणणारा गडी त्यांनी पाहिला नव्हता.

पण बायकांच्या पायांना कोण फसवणार. पंचफुला, नवीन लग्न झालेली, त्याच गंजीच्या माथ्यावर कापूस पसरत अनवाणी उभी होती.

"सितारामभाऊ, इथं पायाला ऊब लागायली."

"ऊन पडतंय की."

"सावलीत उभी हाय म्या!"

बायकांमधल्या सगळ्यात थोरल्या बायनाबाईनं खालून हात कपाळाला लावला. "बाई, पोखर्णीचा कापूस हाय त्यो. तिथला देव खांबातनं निघालाय. गंजीतनं निघायला त्याला काय जड हाय? उतर खाली, पोटात पाय जाईल त्याच्या!"

बायका हसल्या. सिताराम हसला नाही. बायनाबाईनं ते बघितलं. दुपारच्या सुट्टीत ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "लेकरा, तुझ्या भावाचं काय राहिलं व्हतं का रे मनात? आमच्यात दहाव्याला कावळा शिवला न्हाई, तर आमी म्हनून बगतो, पोराला सांभाळू, बायकूला सांभाळू. ज्याच्यासाठी अडलंय ते म्हटलं की शिवतोय."

"आमच्यात कावळा नसतोय, मावशी."

"मग तुमच्यात अडकला तर मानूस सुटतो कसा?"

संध्याकाळी त्यानं आईला विचारलं. सरजाबाई चुलीपुढे होती. तिनं बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवशी सितारामचा जन्मही झाला नव्हता, आणि त्यातली एकही ती आजवर विसरली नव्हती.

"माय, आपल्यात मेलेलं मानूस कुठं जातंय?"

"कुठं न्हाई."

"भूत?"

"आपल्यात भूत न्हाई." भाकरी तव्यावर पडली. "कामून रे?"

"काय न्हाई."

भूत नाही हे सितारामलाही पटत होतं. तीच तर पंचाईत होती. ज्यांच्या घरी भूत असतं त्यांच्याकडे लिंबू असतं, नारळ असतो, देवऋषी असतो. ज्यांच्याकडे नाहीच, त्यांनी काय करायचं? त्याच्याकडे होती एक काळी बोंडी, आणि कानात खिक् न करणारी एक पोकळी.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोका बदलला.

सिताराम बोंडी घालून बसला होता. आधी वाटलं, आपलंच काळीज. मग काळीज मागं पडलं आणि ठोका पुढे गेला. टिकटिकटिकटिक. पोकळ्या आता जवळजवळ येत होत्या. हसू आल्यासारख्या नाहीत. अंगावर काटा येऊन माणूस हुडहुडतो, तशा.

हा ठोका त्यानं ऐकला होता. घरी, अंथरुणाशेजारी.

एक मन म्हणत होतं, निखारा वर सरकलाय, पळ, पंचफुला माथ्यावर आहे. दुसरं मन म्हणत होतं, तो तापात आहे आणि तू त्याला पुन्हा एकटा सोडणार. परभणीला नेताना जीपमध्ये आई बसली होती, सिताराम बसला नव्हता. जागा नव्हती. तो रस्त्यावर उभा राहून जीपच्या मागची धूळ बघत होता.

"सित्या, भाकर इसरलास," असं म्हणत सरजाबाई दारात आली. फडकं टेबलावर ठेवलं. पोराचा चेहरा पाहिला. मग काही न विचारता तिनं त्याच्या कानातली बोंडी ओढली. ओढताना ती रेडिओतूनही निघाली, आणि ठोका सगळ्या ऑफिसभर मोकळा झाला.

टिकटिकटिकटिक. पोकळी. टिकटिकटिक.

दिनकररावांची लेखणी थांबली. लिंबाजी दारात आला. "कोण औट झालं?"

सरजाबाई उभी होती ती उभीच राहिली. तिचा हात नकळत पुढे गेला आणि रेडिओच्या जाळीवर टेकला, कपाळावर टेकावा तसा.

"पंडित्या," ती रागावून म्हणाली, "हलू नकूस. सळी निसटायली."

ठोका एका सरळ रेषेत आला. एकही पोकळी नाही.

मग दिनकरराव खुर्चीवरून उठले, आणि उठताना खुर्ची पडली. "सिताराम, ही कुठली गंजी?"

"लिंबापलीकडची," सिताराम म्हणाला आणि त्यानं आईकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीतून लिंबापलीकडे बघत होती, जिथे पंचफुला टोपली डोक्यावर घेऊन उभी होती.

"फोड," सरजाबाई म्हणाली.

५

तो ऑफिसातून पळत सुटला तो "खाली उतरा गं, उतरा!" असं ओरडत. बायनाबाईला वाटलं देव निघाला. ती पंचफुलाच्याही आधी खाली पोचली, वयाच्या मानानं हे मोठंच काम होतं. लिंबाजीनं हौदावर बादल्यांची रांग लावली. व्यंकटराव आले ते मिशीवर हात धरूनच.

सितारामनं दाताळं घेतलं आणि बाजूनं गंजी फोडायला सुरुवात केली. कापूस ढिगानं खाली येत होता, गार, दमट, मुका. धूर नाही, वास नाही. त्याला क्षणभर वाटलं, काहीच नाही, डागच सैल होता. मग दाताळं आत गेलं आणि अडलं. तिथला कापूस दाबलेला होता. रचताना पायानं दाबतात तसा नाही. खूप दिवस निजून गादी दबते तसा.

त्यानं दाताळं टाकलं आणि हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत, गाल कापसाला टेकवून. आत ऊब होती. बोटांना तारेची शेपटी लागली, मग डबीचा कोपरा. त्यानं ओढली.

आली नाही.

पुन्हा ओढली. डबी कशाततरी घट्ट दाबली होती. दोन्ही बाजूंनी. कापूस असा धरत नाही. कापूस सोडतो, तो त्याचा स्वभाव आहे. हे धरलं होतं.

"दिसायली का?" मागून व्यंकटराव.

सितारामनं हात आणखी आत रेटला. ओठ कापसाला लागले होते. "दादा," तो आतल्या आत म्हणाला, "बायका व्हत्या रे वर. तूच सांगितलं व्हतंस. सोड."

धरलेलं धरलेलंच राहिलं. तेव्हा त्याला दुसरं काही सुचलं नाही. लहानपणी गोधडी ओढून घ्यायला तो जे करायचा तेच त्यानं केलं. डबीच्या कडेनं बोटं आत सरकवली आणि हलवली.

सबंध गंजी आकसली.

ते बाहेरच्यांनीही पाहिलं. माथ्यावरचा कापूस आत ओढला गेला आणि पुन्हा फुगला. बायनाबाईनं नरसिंहाचं नाव घेतलं, व्यंकटरावांनी उरलेल्या सगळ्या देवांचं. डबी सुटून हातात आली आणि सिताराम मागे बसला. पडता पडता त्याला भोकाच्या आत एकदाच दिसलं. पांढऱ्या अंधारात काहीतरी पांढरं या कुशीवरून त्या कुशीवर वळलं, आणि कापूस त्याच्यामागे मिटला.

"धूर!" पंचफुला ओरडली.

जिथे ते वळलं होतं त्याच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, कापूस काळा पडला होता आणि त्यातून एक लाल रेघ डोळा उघडल्यासारखी उघडत होती. मग बादल्या सुरू झाल्या. तासभर कुणालाच भुताचा विचार करायला फुरसत नव्हती.

६

विझलं. पंचफुला जिथे उभी होती तिथे खाली हातभर पोकळ काळा खड्डा निघाला. तो पाहून ती मटकन बसली आणि नवऱ्याच्या नावानं रडू लागली. नवरा तिकडे मजेत मोंढ्यावर हमाली करत होता. व्यंकटराव तिला म्हणाले, "रडू नकू बाई, माझी मिशी वाचली." यानं तिला धीर कसा यावा हे कुणाला कळलं नाही, पण ती हसली.

ऑफिसात डबी टेबलावर ठेवली होती. ती गप्प होती. दिनकररावांनी रेडिओचा काटा पुन्हा पुन्हा त्या रेघेवर आणला, नुसती खरखर यायची.

सितारामनं डबी उचलली. सळीवर पांढरे ठिपके वाळले होते. त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरले, आणि मग जीभ लावली.

"अरे, काय चाटायलास!" दिनकरराव दचकले. "इख-बिख असंल!"

"खारट हाय."

"खारटच असणार. आपल्या बोअरचं पाणी खारं हाय. तेच उडालं असंल की बादलीतनं." दिनकरराव घाईघाईनं म्हणाले, आणि आपल्याच उत्तरानं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "मालक, खारं हाय का न्हाई आपलं पाणी?"

"लय खारं," व्यंकटराव म्हणाले. तेही घाईतच होते.

सरजाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. सितारामच्या हातातून डबी घेतली, पदराच्या टोकानं सळी पुसली, सगळे ठिपके उतरेपर्यंत, आणि त्या टोकाला गाठ मारली.

"माय," सिताराम म्हणाला. "आपल्यात भूत न्हाई ना?"

"न्हाई."

"मग गाठ कशाची?"

सरजाबाईनं गाठ मुठीत धरली.

"डाक्तर म्हनला व्हता, घाम फुटला की पोरगं वाचलं. म्या रातभर हात फिरवत व्हते त्याच्या अंगावर. कपाळ, मान, काख. कोरडं ठाक. येक थेंब न्हाई." तिनं मूठ उघडून गाठीकडे पाहिलं. "आत्ता फुटला."

मग तिनं फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि त्यातला मोठा सितारामपुढे सरकवला.

"खा," ती म्हणाली. "उतरला त्याचा ताप."